डबा चार, सीट बावन्न

१

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सकाळच्या वेगवान गाडीने मी पॅरिसहून कँपेरला जात असे. कँपेर हे ब्रिटनीतलं जुनं शहर. तिथलं कॅथेड्रल मध्येच वाकलेलं आहे, आणि ते सरळ करावं असं इतक्या शतकांत कुणाला वाटलेलं नाही. म्हणूनच त्या गावाबद्दल मला आदर आहे. नदीकाठच्या एका वृद्धाश्रमात माझी थोरली बहीण मारिवॉन राहत होती. ती चौऱ्याऐंशीची, मी अठ्ठ्याहत्तरचा. आई लवकर गेली, त्यामुळे मला अक्षरं शिकवली ती तिनेच. पुढे ती अक्षरं मी अडतीस वर्षं एका नगरकार्यालयाच्या खिडकीमागे बसून जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर खर्च केली, याबद्दल तिने मला कधी माफ केलं नाही. ती मला ‘खिडकी’ म्हणत असे.

तिकिटं मी घरी छापतो आणि तारखेप्रमाणे निळ्या फायलीत लावतो. हल्ली लोक फोन पुढे करतात, आणि ऐन वेळी तो मान टाकतो. माझ्या फायलीने कधीच मान टाकली नाही. हे मी अभिमानाने सांगत असे.

त्या गाडीची एक गंमत आहे, ती आधी सांगतो. पॅरिसहून निघते तेव्हा ती एक गाडी दिसते, पण असतात दोन, नाकाला नाक लावून जोडलेल्या. पुढच्या गाडीचे डबे एक ते आठ, मागच्या गाडीचे अकरा ते अठरा. एकीतून दुसरीत जायला आतून वाट नाही. दीड तासाने रेन हे स्टेशन येतं. तिथे दोन्ही सुटतात आणि पुढची कँपेरला जाते, मागची ब्रेस्तला. फलाटावर हे तीनदा सांगतात. तरीही चुकून ब्रेस्तला पोचणारी माणसं असतात. मला पूर्वी त्यांची कीव यायची.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी चौथ्या डब्यात चढलो, तर बावन्न नंबरच्या सीटवर एक उंच, सुकलेला म्हातारा बसला होता. मांडीवर मिठाईच्या दुकानातला पांढरा खोका, दोरीने बांधलेला.

“हे माझं आसन आहे,” मी म्हणालो.

त्याने कानाकडे बोट केलं. कानातलं यंत्र बारीक शीळ घालत होतं, पाणी उकळायला लागल्यावर किटली घालते तशी. त्याने ते बोटाने दाबलं, शीळ थांबली. मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. डबा ४, सीट ५२. मुलीने लिहून दिली होती. तिकीट फोनमध्ये होतं, पण ते उघडायचं कसं हे मुलीलाच ठाऊक, आणि मुलगी फलाटाच्या फाटकापलीकडे राहिलेली.

मी फाइल उघडली आणि माझा कागद दाखवला. डबा चार, सीट बावन्न. छापील.

“ही चिठ्ठी आहे,” मी म्हणालो. “आणि हे तिकीट. तुमच्या मुलीच्या हातून चाराच्या आधीचा एकाचा आकडा राहिला असणार. तुमचा डबा चौदा. मागची गाडी. उतरून फलाटावरून चालत जा, अजून सात मिनिटं आहेत.”

आजूबाजूचे लोक बघत होते. मी जरा मोठ्यानेच बोललो, कारण तो बहिरा होता. निदान तेव्हा तरी मी स्वतःला हेच कारण दिलं.

“तुमची खात्री आहे ना, मस्यू? मला आज वेळेवर पोचायलाच हवं. बायको...”

“अडतीस वर्षं कागद तपासलेत मी.”

तो उठला. खोका सावरत त्याने माझे आभार मानले. मन लावून मानले. कुठे जाताय, एवढं मी विचारलं नाही. खिडकीवर आम्ही विचारत नसू. कागदावर असेल तेवढंच.

२

गाडी सुटल्यावर वीसेक मिनिटांत तपासनीस आला. मी कागद त्याच्या हाती देणार, एवढ्यात माझी नजर तारखेवर गेली. कागद सप्टेंबरातला होता. गेल्या वेळचा. आजचा त्याच्या मागे होता, फायलीत, अगदी नीट लावलेला. डबा सहा, सीट एकतीस.

मी गुपचूप मागचा कागद काढून दिला.

“तुमची जागा सहाव्या डब्यात आहे, मस्यू,” तपासनीस म्हणाला, आणि हातातल्या यंत्राकडे बघत पुढे म्हणाला, “असू द्या, बसा. इथं आता कुणी येत नाही.”

त्या क्षणी एक वाक्य बोलायला हवं होतं. ‘मी एका माणसाला चुकून मागच्या गाडीत पाठवलंय.’ त्याने मागच्या तपासनिसाला फोन केला असता, म्हाताऱ्याला रेनला उतरवून पुढे आणलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण समोरच्या सीटवर त्या प्रसंगाच्या वेळी बसलेली बाई होती, पुस्तक वाचत. मी बोललो असतो तर तिने मान वर केली असती.

रेन यायला तासाहून जास्त वेळ होता. ताशी तीनशेच्या वेगानेही तो तास संपता संपेना. शेतं, गाई, पाण्याच्या टाक्या मागे पडत होत्या. मी मनात युक्तिवाद रचत होतो. तो ब्रेस्तलाच जाणारा असेल. मागे कुणीतरी विचारेलच. शिवाय तो सूचना ऐकेल. बहिरा असला म्हणून काय झालं.

रेनला गाडी थांबली. मागे कुठेतरी लोखंड लोखंडापासून सुटल्याचा आवाज आला आणि सीटला हलका धक्का बसला. समोरच्या बाईला जाणवलाही नसेल.

३

वृद्धाश्रमात पोचलो तेव्हा मारिवॉनच्या समोरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत मादाम कोर्नेक होत्या, आणि सेविका नोलवेन त्यांच्या उशाशी. मारिवॉनने मला बसूही दिलं नाही.

“आलास का, खिडकी? हिच्या नवऱ्याला बघितलंस? तुझ्याच गाडीत आहे. काल रात्री निरोप गेला त्याला. सकाळपासून ती दाराकडे डोळे लावून पडलीय. उंच आहे, कानात यंत्र.”

“गाडीत हजार माणसं असतात,” मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नाही. मी आयुष्यभर अशीच वाक्यं वापरली, जी तपासली तरी खोटी निघत नाहीत.

एक वाजता ब्रेस्तहून फोन आला, कुणा परक्या माणसाच्या फोनवरून. सव्वादोनला मादाम कोर्नेक गेल्या. म्हातारा टॅक्सीने आला तेव्हा चार वाजत होते. खोली तोवर आवरून झाली होती. पलंग मोकळा, खुर्ची बाहेर काढलेली. तो मधोमध खोका घेऊन उभा राहिला. त्याला खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही, की तो दिसलाच नाही, कोण जाणे. बराच वेळ तो उभा होता. यंत्राची शीळ कॉरिडॉरभर ऐकू येत होती, आणि ते बोटाने दाबायचंही त्याला भान नव्हतं.

मी समोरच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो. त्याला दिसू नये म्हणून खुर्ची जरा भिंतीकडे सरकवली.

“एका शहाण्याने त्याला मागच्या गाडीत धाडलं म्हणे,” मारिवॉन म्हणाली. हे तिला नोलवेनने सांगितलं होतं. “हातात फाइल होती म्हणून विश्वास ठेवला, म्हणतोय बिचारा.”

“तिकीट नीट वाचायला हवं माणसाने,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली, जरुरीपेक्षा थोडं जास्त. मग खिडकी लाव म्हणाली, गार वारं येतंय.

जानेवारीत नोलवेनने सहज सांगितलं, मस्यू कोर्नेकही गेले. नाताळच्या आधी, मुलीकडे, झोपेत. मी वाईट झालं असं म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ज्याला माहीत होतं तो एकच माणूस होता.

४

ही गाडी दुमजली असते. फेब्रुवारीत मी मुद्दाम वरच्या मजल्यावरची सीट घेतली. डबा सात. पॅरिस मागे पडलं, गाडीने वेग घेतला, आणि शीळ ऐकू आली.

अगदी बारीक. माझ्या डाव्या खांद्याच्या वर, उभ्या माणसाचा कान जिथे येईल तिथून.

मी अडाणी माणूस नाही, पुष्कळ वाचलेलं आहे. या वेगाला खिडकीच्या फटीतून हवा शिटी वाजवते. वातानुकूलन आहे, चाकं आहेत. शिवाय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कान स्वतःच काहीबाही वाजवतात. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कान उत्तम आहेत. एवढी वाईट बातमी मला कुठल्याही डॉक्टरने दिलेली नाही.

मार्चमध्ये पुन्हा खालच्या मजल्यावरची सीट घेतली. शीळ होतीच. मी पुस्तक उघडून बसलो होतो, आणि पुढच्या दाराने एक तरुण बाई कॉफीचा पेला घेऊन आली. वाट पूर्ण मोकळी होती. ती सरळ चालत आली, माझ्या सीटपाशी थबकली, “माफ करा” म्हणाली आणि अंग चोरून, आडवी होऊन पुढे गेली. पेला तिने उंच धरला होता, कुणाला लागू नये तसा.

ती माझ्याकडे बघून बोलली नव्हती. तिची नजर माझ्या डोक्याच्या बरीच वर होती.

मला वाटलं, गाडी हलली असेल. थोड्या वेळाने एक जाडा गृहस्थ आला. तोही तिथेच आडवा झाला. मग दोन मुली हसत हसत आल्या. पहिली आडवी झाली, मग दुसरी, हसणं न थांबवता. आपण काय करतोय हे त्यांना कळतही नव्हतं. फलाटावर खांब आडवा आला तर आपण वळतो, घरी गेल्यावर तो आठवत नाही, तसं.

मी मोजत बसलो. रेनपर्यंत अकरा माणसं. अकराच्या अकरा.

मान वळवून बघणं सोपं होतं. मी वळवली नाही. पुस्तकाचं एकच पान कँपेरपर्यंत वाचलं, आणि त्यावर काय होतं ते आज सांगता येणार नाही.

५

एप्रिलमध्ये बुधवारी संध्याकाळी नोलवेनचा फोन आला. मादाम मारिवॉनला दोन दिवस श्वास पुरत नाहीये, डॉक्टर उद्याच्या पलीकडचं काही बोलत नाहीत, सकाळच्या गाडीने या. त्या तुमचं नाव घेताहेत.

तोच वार, तशीच वेळ, तसाच निरोप. फक्त तो आता माझ्यासाठी होता.

रात्री मी ठरवलं. मारिवॉनला सांगायचं. तिचा हात हातात घेऊन बसायचं आणि ऑक्टोबरातली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. ती शिव्या देईल, खिडकी म्हणेल, मग माफ करेल किंवा करणार नाही. पण ती असताना सांगायचं. दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण मला अक्षरं शिकवणारी तीच होती.

तिकीट मिळालं ते डबा चार, सीट बावन्न. गाडी भरलेली होती आणि एवढी एकच जागा उरली होती. मी तारीख तीनदा तपासली, डबा तीनदा, सीट तीनदा. फाइल रिकामी करून त्यात तो एकच कागद ठेवला.

गाडी सुटली. पॅरिसबाहेरच्या बोगद्यात शिरली तशी खिडकीची काच काळी झाली आणि तीत डबा दिसू लागला. मी, माझी फाइल, समोरचा झोपलेला पोरगेला सैनिक. आणि माझ्या खांद्याशी कोटाची एक बाही, तिच्या टोकाला हात, हाताला दोरी, दोरीला पांढरा खोका. खोका जरासा हलत होता, गाडी हलत होती तसा.

“माफ करा, मस्यू. ही जागा माझी आहे, असं वाटतं.”

आवाज नम्र होता. तक्रार नव्हती त्यात. खरोखर चुकून आलेल्या माणसाला संशयाचा फायदा देणारा आवाज.

उठणं म्हणजे काय, तेही लिहितो. सीटवरून उठणं एवढंच. डब्याच्या टोकाला उभं राहून जाता आलं असतं, गुडघे दुखले असते. मी म्हातारा आहे, पण तोही होता. मात्र उठलो असतो तर त्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि समोरचा सैनिक नेमका त्याच वेळी जागा झाला होता.

मी मान वर केली नाही. कागद वर धरला.

“माझं तिकीट बरोबर आहे,” मी म्हणालो. त्याच, खिडकीच्या आवाजात.

सैनिक माझ्याकडे बघायला लागला.

बोगदा संपला. काचेत शेतं आली. तो वाद घालायला थांबला नाही, आणि गेलाही नाही. कँपेरपर्यंत साडेतीन तास लोक माझ्या सीटपाशी आडवे होऊन जात राहिले.

६

मारिवॉन जागी होती. नाकाला नळी, डोळे तेच, टाचणीसारखे. नोलवेनने पलंगाशी खुर्ची आणून ठेवली आणि मला बसवलं. खोलीत ती एकच खुर्ची. मी मारिवॉनचा हात हातात घेतला. कागदासारखा हलका होता.

वेळ थोडा होता, म्हणून मी प्रस्तावना केली नाही. “मारिवॉन, ऑक्टोबरात...”

“हे कोण?” ती म्हणाली. माझ्या खांद्यावरून बघत होती.

“कुणी नाही.”

“खोटं बोलू नको.” दम लागत होता तिला, तरी शब्द सगळे जागच्या जागी होते. “गेले दोन महिने आणतोयस यांना. येतात, दाराशी उभे राहतात, जातात. मला वाटलं, आज तरी ओळख करून देशील.”

शीळ खोलीत होती. मारिवॉनचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. ती असलं यंत्र कधी वापरत नसे, त्याचा तिला अभिमान होता.

“तो फाइलवाला मीच होतो,” मी म्हणालो.

“माहितीये.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. फाइल घेऊन दुसरं कोण फिरतं रे या जगात?” तिला हसायचं होतं, खोकला आला. “तू सांगशील म्हणून वाट बघत होते. दर महिन्याला. तू येऊन हवामान सांगायचास.”

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा, सांगणारच होतो, असं काहीतरी. तपासलं तरी खोटं न निघणारं.

नोलवेन औषध घेऊन आत आली. पलंगाच्या या बाजूला जागा पुष्कळ होती. ती माझ्या मागून गेली, हळूच “माफ करा” म्हणाली आणि आडवी झाली.

“जिल्दास,” मारिवॉन म्हणाली. माझं नाव ती वर्षानुवर्षं घेत नसे. “म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभं ठेवणार आहेस? पॅरिसपासून उभे आहेत ते. खुर्ची दे.”

मी तिचा हात सोडला, तेव्हा मला वाटत होतं की क्षणभरच सोडतोय. उठलो, बाजूला झालो, आणि मान खाली घालून पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो.

शीळ थांबली. बोटाने दाबल्यासारखी, एकदम.

बघायचं नाही असं ठरवूनही मी एकदाच बघितलं. खुर्ची रिकामी होती. मारिवॉनचा हात पांघरुणावर पालथा पडला होता, मी सोडला होता तसा. मग तो सावकाश उलटा झाला, खुर्चीच्या दिशेने थोडा सरकला आणि बोटं मिटली. मूठ करताना बोटं पूर्ण मिटतात. ही मिटली नाहीत. मध्ये एका हाताएवढी जागा राहिली.

ती तिकडेच बघत राहिली. माझ्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही. सगळं आटपायला तासभर लागला, आणि तो तासभर मी उभा होतो.

७

नंतर नोलवेन खुर्ची उचलून न्यायला आली. ती रडली होती, आणि आता माझ्यावर रागावली होती, सेविका रागावतात तशी.

“मस्यू, तुम्ही या वयात एवढा वेळ उभे? सांगायचं नाही का? मी दुसरी खुर्ची आणली असती की.”

दुसरी, असं ती म्हणाली.

परतीच्या गाडीत मी दाराजवळच्या जागेत उभा राहिलो, सामानाच्या मांडणीला टेकून. आता कँपेरला माझं कुणी नाही, तरी पहिल्या गुरुवारी मी जातो. तिकीट काढतो, डबा चार, सीट बावन्न, आणि उभा राहतो. शीळ पुन्हा ऐकू आलेली नाही.

गेल्या खेपेला तोच तपासनीस होता. त्याने माझा कागद बघितला, काचेच्या दारातून डब्यात नजर टाकली आणि म्हणाला, “असे उभे का, मस्यू? तुमची जागा मोकळी आहे. बसा ना, इथं आता कुणी येत नाही.”

मी म्हटलं, “आलेत ते.”